एका पोशाखाचे दोन रंग

निरोगी डोळ्यांच्या दोन माणसांना एकाच प्रतिमेत निरनिराळे रंग दिसू शकतात, हे दृष्टीच्या अभ्यासकांना तत्त्वतः मान्य होते. परंतु ही गोष्ट इतक्या मोठ्या प्रमाणावर आणि इतक्या सरळ दुफळीने घडेल, अशी अपेक्षा फेब्रुवारी २०१५ पूर्वी फारशी कोणी केलेली नव्हती. त्या महिन्याच्या अखेरीस, स्कॉटलंडमधील एका विवाहाच्या निमित्ताने मोबाइलवर टिपलेले एका पोशाखाचे छायाचित्र समाजमाध्यमांवर पसरले, आणि काही लोकांना तो पोशाख निळ्या कापडाचा व काळ्या लेसचा दिसतो, तर काहींना पांढऱ्या कापडाचा व सोनेरी लेसचा दिसतो, असे आढळून आले. एकाच घरात, एकाच पडद्यासमोर, खांद्याला खांदा लावून बसलेली माणसे एकमेकांवर थट्टेचा आरोप करू लागली. त्या वर्षाच्या मध्यापर्यंत ‘करंट बायॉलॉजी’ या संशोधन-नियतकालिकात या एकाच चित्रावर तीन शोधनिबंध प्रसिद्ध झाले होते.

या प्रकरणाविषयीच्या दोन भूमिका येथे संवादरूपाने समोरासमोर ठेवल्या आहेत. पहिली भूमिका एका व्यावसायिक छायाचित्रकाराची आहे. लग्नसमारंभांची छायाचित्रे काढणे, ती संगणकावर दुरुस्त करणे आणि छापून देणे यात आयुष्य गेल्यामुळे रंगाचा प्रश्न त्याच्या लेखी मोजमापाचा आहे, मतामतांचा नाही. दुसरी भूमिका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेची आहे; पाहणे ही डोळ्यांची जशी क्रिया आहे तशीच ती मेंदूची निर्मितीही आहे, असे तिचे प्रतिपादन आहे. या दोन्ही व्यक्ती कल्पित असल्या तरी त्यांच्या बोलण्यात येणारे प्रयोग प्रत्यक्ष झालेले आहेत.

छायाचित्रकार : या प्रकरणाला लोक गूढ का म्हणतात तेच कळत नाही, मॅडम. पोशाखाचा रंग कोणता होता, याचे उत्तर उपलब्ध आहे. तो रोमन ओरिजिनल्स या ब्रिटिश कंपनीचा होता, गडद निळ्या कापडावर काळी लेस असा होता, आणि पांढऱ्या-सोनेरी रंगात तो त्या वेळी विक्रीलाच नव्हता. तेव्हा ज्यांना निळा-काळा दिसला ते बरोबर आणि उरलेले चूक, इतका हा सरळ हिशेब आहे. चूक का झाली, तर छायाचित्र वाईट होते. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात शिरू दिलेल्या प्रकाशाचे प्रमाण, वाजवीपेक्षा जास्त. मागची बाजू पार जळून पांढरीफटक झालेली. आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे समोरच्या प्रकाशाची झाक ओळखून पांढरे ते पांढरेच उमटावे यासाठी कॅमेरा करतो ती दुरुस्ती, साफ फसलेली. असले चित्र हातात ठेवले तर गिऱ्हाईक ते परत आणून देईल. त्यावरून माणसाच्या मेंदूविषयी सिद्धांत मांडणे म्हणजे मोडक्या तराजूवर धान्य तोलून बाजारभावाची चर्चा करण्यासारखे आहे.

प्राध्यापिका : कपाटातल्या पोशाखाविषयी कोणाचाच वाद नाही; वाद आहे तो छायाचित्रात काय दिसते याविषयी. तुमच्याच पद्धतीने पाहू. ते चित्र संगणकावर उघडून कापडाच्या भागातले काही पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचे चित्र ज्यांचे बनते ते रंगीत ठिपके, वेगळे काढले आणि करड्या पार्श्वभूमीवर ठेवले, तर ते फिकट निळे दिसतात, कुठे किंचित जांभळट. लेसच्या भागातले पिक्सेल तपकिरी निघतात. गडद निळा रंग कापडात नाही आणि पांढराही नाही. लेसमध्ये काळा नाही आणि झळाळते सोनेही नाही. म्हणजे ज्यांना तुम्ही बरोबर ठरवता त्या मंडळींनाही चित्रात नसलेलेच रंग दिसले. तुमच्या कॅमेऱ्याची फसलेली दुरुस्ती प्रत्येक पाहणाऱ्याच्या मेंदूने आपल्या परीने पुन्हा करून पाहिली, आणि दोन गटांनी ती दोन उलट दिशांना केली.

प्राध्यापिकेच्या या मुद्द्यामागे रंगस्थैर्याची कल्पना आहे आणि ती थोडी उलगडून सांगणे आवश्यक आहे. एखाद्या वस्तूवरून डोळ्यात येणारा प्रकाश दोन गोष्टींच्या संयोगातून बनलेला असतो : वस्तूवर पडलेला प्रकाश कोणत्या झाकेचा होता, आणि त्यातला कोणता भाग वस्तूच्या पृष्ठभागाने परत फेकला. डोळ्याच्या पडद्यावर मात्र या दोहोंचा गुणाकार तेवढा पोहोचतो, आणि त्यातून दोन मूळ संख्या ओळखून काढण्याचे काम मेंदूवर पडते. सूर्य क्षितिजाजवळ असताना प्रकाश पिवळसर असतो. सावलीत थेट ऊन पोहोचत नाही, तिथे निळ्या आकाशाकडून आलेला प्रकाश असतो आणि म्हणून तो निळसर असतो. तरीही पांढरा सदरा उन्हातून सावलीत नेला असता तो निळा झाला असे कोणी म्हणत नाही, कारण प्रकाशाची झाक मनातल्या मनात वजा केली जाते. वस्तूचा रंग बदलत्या प्रकाशात स्थिर भासण्याच्या या गुणाला रंगस्थैर्य म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ याने एकोणिसाव्या शतकातच अशा प्रक्रियेला अबोध अनुमान म्हटले होते : अनुमान, कारण अपुऱ्या पुराव्यावरून निष्कर्ष काढला जातो, आणि अबोध, कारण तो काढल्याचा पाहणाऱ्याला पत्ता नसतो.

पोशाखाच्या छायाचित्रात हे अनुमान अडखळते, कारण त्यात प्रकाशाची झाक ओळखण्याचा आधारच नाही. पोशाखाने चौकट जवळपास भरून टाकलेली आहे; माणसाचा चेहरा किंवा हात नाही, ज्यांच्या परिचित वर्णावरून काही ताडता यावे; मागे जी झगझगीत जागा आहे तिच्यावरून पोशाखावरही तसाच प्रखर प्रकाश आहे असे मानता येते, किंवा प्रकाश मागे आहे म्हणून पोशाखाची पुढची बाजू सावलीत आहे असेही मानता येते. पहिली समजूत धरली तर पिवळसर उजेड वजा होतो आणि कापड निळे, लेस काळी ठरते. दुसरी धरली तर सावलीचा निळेपणा वजा होतो आणि कापड पांढरे, लेस सोनेरी उरते. त्यात भर अशी की कापडाची निळी आणि लेसची पिवळट-तपकिरी झाक नेमक्या त्याच निळ्या-पिवळ्या अक्षावर येतात, ज्यावर दिवसाचा नैसर्गिक प्रकाश बदलत असतो. नेव्हाडा विद्यापीठातील मायकेल वेब्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या चित्राचे रंग उलटे करून पाहिले, तेव्हा निळसर पट्टे पिवळसर झाले आणि मतभेद जवळजवळ नाहीसा झाला. बहुतेक सर्वांना ते पिवळेच दिसले. पिवळेपणा वस्तूचा मानला जातो, फिकट निळेपणा मात्र सावलीच्या खाती सहज टाकता येतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. हाच पोशाख लाल किंवा हिरवा असता तर स्कॉटलंडच्या त्या विवाहाची वार्ता त्या कुटुंबाबाहेर गेली नसती.

छायाचित्रकार : एवढे सगळे मान्य केले, तरी त्यातून हेच निघते की लोकांनी प्रकाशाविषयी निरनिराळे अंदाज बांधले. अंदाज म्हणजे मत. मग दोघांना एकच दिसले आणि त्यांनी त्याचा अर्थ वेगवेगळा लावला, असे सरळ का म्हणू नये? ‘दिसणेच वेगळे’ असे म्हटले की पुढे प्रत्येकाचे जग वेगळे, प्रत्येकाचे सत्य वेगळे, अशी घसरगुंडी सुरू होते.

प्राध्यापिका : मत असते तर ते माहितीने बदलले असते. पोशाख निळा-काळा असल्याचे जाहीर झाले, दुकानातले त्याचे दुसरे छायाचित्र सर्वांनी पाहिले, आणि तरीही ज्यांना तो पांढरा-सोनेरी दिसत होता त्यांपैकी बहुतेकांना तो तसाच दिसत राहिला. आपल्याकडच्या वेदान्ती पंडितांना हा फरक चांगला ठाऊक होता. अंधुक प्रकाशात दोरी साप भासते, पण दिवा आणून पाहिले की साप नाहीसा होतो. याला ते निरुपाधिक भ्रम म्हणत. जास्वंदीच्या फुलाजवळ ठेवलेला स्फटिक तांबडा दिसतो, आणि तो मुळात रंगहीन आहे हे पक्के माहीत असूनही तांबडाच दिसत राहतो. हा सोपाधिक भ्रम, कारण शेजारचे फूल, म्हणजे उपाधी, हलत नाही तोवर ज्ञानाने तो जात नाही. कावीळ झालेल्याला शंख पिवळा दिसतो, हे न्याय आणि मीमांसा या दर्शनांच्या वादातले नेहमीचे उदाहरणही याच जातीचे. पोशाखाचे चित्र स्फटिकाच्या बाजूला बसते, दोरीच्या नाही. फक्त इथे जास्वंदीचे फूल चित्राच्या चौकटीत नाही, पाहणाऱ्याच्या आत आहे.

या भेदाचा उपयोग २०१५ साली या विषयावर जे घाईघाईने लिहिले गेले त्यातल्या बऱ्याचशा मजकुरापेक्षा अधिक आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. ज्ञान झाल्यावर टिकणारा भ्रम आणि न टिकणारा भ्रम यांच्यात फरक केला नाही, तर ‘दिसणे’ आणि ‘समजणे’ यांची सरमिसळ होते, आणि छायाचित्रकाराला ज्या घसरगुंडीची धास्ती वाटते ती तिथूनच सुरू होते. तरीही त्याची पुढची शंका सहज बाजूला सारता येण्याजोगी नाही.

छायाचित्रकार : पाहणाऱ्याच्या आत फूल आहे, हे कळले कसे? लोकांना विचारूनच ना?

प्राध्यापिका : आधी विचारूनच. अमेरिकेतील रोझा लेफर-सूझा, कॅथरिन हरमन आणि बेविल कॉनवे यांनी १,४०१ लोकांना पोशाखाचे रंग सांगायला लावले. ५७ टक्क्यांनी निळा-काळा म्हटले, ३० टक्क्यांनी पांढरा-सोनेरी, ११ टक्क्यांनी निळा-तपकिरी, आणि उरलेल्यांनी आणखी काही. वयाने मोठ्या माणसांत आणि स्त्रियांत पांढरा-सोनेरी पाहणाऱ्यांचे प्रमाण जास्त होते. पुढे न्यूयॉर्क विद्यापीठाच्या पास्कल वॉलिश यांनी १३,००० हून अधिक लोकांची पाहणी केली आणि ती २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. पोशाख सावलीत आहे असे ज्यांना वाटत होते त्यांच्यापैकी पाचात चौघांना तो पांढरा-सोनेरी दिसला. सावलीत नाही असे मानणाऱ्यांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास होते. प्रकाशाविषयीची ही मनात आधीपासून बसलेली धारणा, जिला अभ्यासक पूर्वधारणा म्हणतात, तीच दिसण्याला वळण देते.

छायाचित्रकार : किंवा दिसण्याने धारणेला वळण दिले. ज्याला कापड पांढरे दिसले त्याला विचारले की पोशाख सावलीत आहे का, तर तो साहजिकच हो म्हणणार, कारण पांढरे कापड निळसर दिसण्याचे दुसरे कारण त्याला देता येणार नाही. गिऱ्हाइकाला फोटो आवडला की मग तो म्हणतो उजेड छान होता. उजेडाकडे त्याने आधी पाहिलेले नसते. नुसते प्रश्न विचारून आधी काय झाले आणि मागाहून काय, ते कळणार नाही.

हा आक्षेप या सर्व चर्चेतला सर्वांत नेमका आहे, आणि केवळ पाहणीच्या आधारावर त्याला उत्तर नाही. उत्तर मिळते ते प्रकाश प्रत्यक्ष बदलून केलेल्या प्रयोगात. लेफर-सूझा आणि सहकाऱ्यांनी पोशाखाचे चित्र कापून एका स्त्रीच्या अंगावर, स्पष्ट प्रकाशयोजना असलेल्या दृश्यात बसवले. एका दृश्यात उजेड उघडच पिवळसर होता आणि दुसऱ्यात उघडच निळसर. आजूबाजूच्या साऱ्या खुणा एकाच दिशेने बोट दाखवू लागताच बहुसंख्य लोकांची उत्तरे त्या खुणांप्रमाणे बदलली आणि जुने दोन गट विरघळले. येथे कारण कोणते आणि परिणाम कोणता याविषयी संशय उरत नाही. मात्र दृश्यात खुणा असताना मेंदू त्यांच्यावर भिस्त ठेवतो, एवढेच त्यातून सिद्ध होते. मूळ चित्रात खुणा नसताना एकाचा मेंदू सावलीकडे आणि दुसऱ्याचा उन्हाकडे का झुकतो, हा प्रश्न तसाच राहतो. वॉलिश यांनी त्यासाठी झोपेच्या सवयी तपासल्या. पहाटे उठणारी माणसे आयुष्याचा अधिक काळ नैसर्गिक उजेडात वावरतात, म्हणून ती निळसर झाक वजा करायला सरावलेली असावीत. रात्री जागणारी माणसे दिव्याच्या पिवळसर उजेडाला सरावलेली असावीत, असा त्यांचा तर्क होता. फरक अपेक्षित दिशेनेच आढळला, परंतु तो लहान होता. त्या लहान फरकावरून ‘पांढरा पाहणारे लवकर उठतात’ असे छातीठोक मथळे निघाले, त्याला संशोधक जबाबदार नाहीत.

छायाचित्रकार : दोन अर्थांची चित्रे पूर्वीही होतीच की. ससा आणि बदक, म्हातारी आणि तरुणी. त्यांच्यावरून कोणाच्या घरात भांडण झाल्याचे ऐकिवात नाही.

प्राध्यापिका : नेमके हेच विचारायला हवे. ससा-बदकाचे चित्र १८९२ साली जर्मनीतल्या ‘फ्लीगेंडे ब्लेटर’ या विनोदी साप्ताहिकात आले, पुढे जोसेफ जॅस्ट्रो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने ते अभ्यासासाठी उचलले, आणि लुडविग व्हिट्गेनस्टाइनच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे ते तत्त्वज्ञानात गेले. म्हातारी-तरुणीचे चित्र १९१५ सालच्या ‘पक’ या अमेरिकी नियतकालिकामुळे सर्वतोमुखी झाले, आणि त्याच्याही आधी ते जर्मन पोस्टकार्डावर होते. अशा चित्रांना द्विस्थिर प्रतिमा म्हणतात, कारण मेंदू दोन स्थिर अर्थांमध्ये मागेपुढे होत राहतो. तिथे सुरुवातीला काय दिसावे यावर प्रसंगाचाही परिणाम होतो. झुरिकच्या प्राणिसंग्रहालयात येणाऱ्यांना ससा-बदक दाखवले, तेव्हा ईस्टरच्या दिवशी ससा म्हणणारे जास्त निघाले आणि ऑक्टोबरमध्ये पक्षी म्हणणारे. ईस्टर आणि ससा यांचे नाते युरोपात घट्ट आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्यात नवल राहत नाही. पण महत्त्वाचे हे की दुसरा अर्थ दाखवून दिला की तो जवळजवळ प्रत्येकाला दिसतो. चोच म्हणजेच कान, हे एकदा कळले की वाद मिटतो आणि गंमत उरते. पोशाखाच्या बाबतीत ती सोय नाही. ज्याला तो पांढरा दिसतो त्याला निळा पाहण्याचा कितीही प्रयत्न करा म्हटले तरी सहसा जमत नाही. आपल्या पाहण्यात काही निवड झाली आहे, याची त्याला जाणीवच होत नाही. चित्र संदिग्ध आहे हे शास्त्रज्ञांना दिसते, पण पाहणाऱ्यांपैकी कोणालाच ते संदिग्ध दिसत नाही, आणि म्हणून समोरचा माणूस खोटे बोलतो आहे किंवा वेडा आहे, असे वाटू लागते.

पोशाखाच्या चित्राचा प्रसार का झाला, याचे कारण या शेवटच्या वाक्यात सापडते, असे या लेखाचे मत आहे. हेतुपुरस्सर घडवलेल्या संदिग्धतेत पाहणारा कलावंताचा भागीदार असतो. अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात एका स्तंभशीर्षावर चार हरणांची शरीरे कोरलेली आहेत आणि चौघांना मिळून एकच मस्तक आहे. कोणत्याही एका शरीरावर नजर स्थिरावली की ते मस्तक त्याचेच होते, आणि नजर हलली की शेजारच्याचे. हे पाहताना डोळा फसतो आणि फसल्याचे त्याला कळतेही, त्यामुळे पाहणारा हसतो आणि शेजारच्याला दाखवतो. पोशाखाच्या छायाचित्रात कोणाचाही हेतू नव्हता, कोणालाही फसल्याचे कळले नाही, आणि दाखवण्यासारखे दुसरे काही प्रत्येकाला दिसतही नव्हते. मग उरला तो फक्त आग्रह.

या प्रकरणानंतर समाजमाध्यमांवर चित्रकोड्यांची जी रेलचेल झाली तिच्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. हंगेरीच्या गेर्गेली दुदाश या चित्रकाराने २०१५ च्या डिसेंबरमध्ये हिममानवांच्या गर्दीत लपवलेला पांडा हे त्यातले निरुपद्रवी आणि खरोखर चांगले उदाहरण. तिथे रंगाचा प्रश्न नसून शोधाचा आहे : पांडा आणि हिममानव यांच्यात पांढरा रंग, काळे डोळे, गोल चेहरा हे सारे समान असल्यामुळे एका ठळक वैशिष्ट्याच्या आधारे तो उठून दिसत नाही आणि चेहऱ्यामागून चेहरा तपासत जावे लागते. अशा चित्रावर ‘फक्त अलौकिक बुद्धीच्या माणसांनाच सात सेकंदांत सापडेल’ अशी पट्टी लावणे हा निव्वळ धंदा आहे. जपानच्या नोबुयुकी कायाहारा यांनी २००३ मध्ये तयार केलेल्या फिरत्या नर्तिकेच्या छायाकृतीचेही तेच झाले. ती उजवीकडे फिरताना दिसली की मेंदूचा एक अर्धगोल प्रबळ आणि डावीकडे दिसली की दुसरा, ही समजूत जगभर पसरली, आणि तिला कोणताही आधार नाही. सपाट काळ्या आकृतीत कोणता पाय पुढे आणि कोणता मागे हे ठरवण्याची खूणच नसल्याने दोन्ही दिशा तितक्याच शक्य असतात, एवढेच तिचे रहस्य.

छायाचित्रकार : मेंदूच्या डाव्या-उजव्या गप्पा सोडून दिल्या. पण संस्कृतीचे काय? चौकोनी घरांत वाढलेल्या माणसांना काही रेषा वेगळ्या दिसतात, असेही सांगितले जाते. मग मुंबईच्या माणसाला आणि एखाद्या पाड्यावरच्या माणसाला एकच छायाचित्र वेगळे दिसायला हवे.

प्राध्यापिका : तो दावा म्युलर-लायर भ्रमाविषयी होता. दोन समान लांबीच्या रेषा घ्यायच्या. एकीच्या दोन्ही टोकांना बाणाची अग्रे काढायची आणि दुसरीच्या टोकांना बाहेर फाकलेली पिसे. दुसरी रेषा लांब भासते. सीगल, कॅम्पबेल आणि हर्सकोव्हिट्स यांनी आफ्रिका आणि फिलिपाइन्समधले कित्येक समाज अमेरिकेतल्या लोकांशी ताडून पाहिले, आणि १९६६ मध्ये असे मांडले की भ्रमाचे प्रमाण समाजागणिक बदलते. एव्हन्स्टन या अमेरिकी शहरातल्या लोकांत ते सर्वांत जास्त होते आणि कलहारी वाळवंटातल्या सान लोकांत अगदी कमी. कारण असे दिले गेले की भिंतींच्या सरळ कोपऱ्यांच्या जगात वाढल्यामुळे असे कोन खोलीची खूण म्हणून वाचायची सवय लागते. पुढे अर्धशतकभर हे पाठ्यपुस्तकांत राहिले. पण २०१५ मध्ये, पोशाखावरचे निबंध आले त्याच नियतकालिकात, भारतातून एक वेगळीच माहिती आली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे पवन सिन्हा यांचा ‘प्रोजेक्ट प्रकाश’ हा उपक्रम उत्तर भारतातल्या खेड्यांतून जन्मजात मोतीबिंदू असलेली मुले शोधून त्यांच्यावर शस्त्रक्रिया घडवून आणतो. ८ ते १६ वर्षांच्या ९ मुलांना दृष्टी आल्यावर लगेचच म्युलर-लायरच्या रेषा दाखवल्या गेल्या, आणि पाहण्याचा अनुभव जवळजवळ शून्य असतानाही त्यांना तो भ्रम झाला.

छायाचित्रकार : म्हणजे घराचे कोपरे कधी न पाहता?

प्राध्यापिका : हाताने चाचपले असतील, डोळ्यांनी पाहिले नव्हते. म्हणून सगळाच फरक संस्कृतीच्या माथी मारणे कठीण होऊन बसते. उलट, शरीराची रचना बरीच वेगळी असूनही दिसणे जुळते, याचे नवल करावे. डोळ्याच्या पडद्यावर रंग टिपणाऱ्या ज्या शंकुपेशी असतात, त्यांतल्या दोन प्रकारांचे परस्परप्रमाण प्रत्यक्ष मोजले, तेव्हा रंगदृष्टी सर्वसामान्य असलेल्या माणसांमध्येही कुठे ते जवळपास एकास एक निघाले, तर कुठे सोळास एक. तरीही ज्यात तांबूसपणाही नाही आणि हिरवटपणाही नाही असा शुद्ध पिवळा कोणता, हे विचारले की या सर्वांची उत्तरे आश्चर्यकारकरीत्या जवळजवळ येतात. एकाच जगातल्या एकाच उजेडाशी सतत ताळा घेत राहिल्यामुळे मेंदू यंत्रातला फरक भरून काढतो. पोशाखाच्या चित्रात ताळा घ्यायला काहीच नव्हते.

छायाचित्रकार : मग तो वाद पुन्हा मुद्दाम घडवता यायला हवा. एकदाच घडले आणि कारण मागाहून सांगितले, तर ते खरे कशावरून?

प्राध्यापिका : तसे करून पाहिले आहे. वॉलिश आणि मायकेल कार्लोविच यांनी २०१९ मध्ये क्रॉक्स या पादत्राणांची गुलाबी जोडी घेतली, तिच्यात पांढरे मोजे घातले, आणि दोन्हींवर हिरवा प्रकाश असा टाकला की छायाचित्रात गुलाबी पादत्राणांचे पिक्सेल करडे व्हावेत. पांढरे मोजे साहजिकच हिरवे उमटले. मोजे पांढरे असणार असे ज्यांनी गृहीत धरले त्यांच्या मेंदूने हिरवी झाक वजा केली आणि त्यांना पादत्राणे गुलाबी दिसली. मोजेच हिरवे आहेत असे ज्यांना वाटले त्यांना पादत्राणे करडी दिसली. लोकांत दुफळी पडली आणि ती अपेक्षित रेषेवरच पडली.

छायाचित्रकार : हे मात्र पटण्यासारखे आहे, कारण ही रोजच्या कामातली गोष्ट आहे. उजेडाची खात्री नसली की ग्रे कार्ड, म्हणजे ठरावीक करड्या रंगाचा पुठ्ठा, चौकटीत धरून एक फोटो घ्यायचा आणि नंतर संगणकावर त्या पुठ्ठ्यावरून बाकीचे रंग लावायचे. मोज्यांनी त्या पुठ्ठ्याचे काम केले. ज्याला मोजे पांढरे असतात हे माहीत, त्याच्याकडे पुठ्ठा होता. ज्याला माहीत नाही, त्याच्याकडे नव्हता. पण पोशाखाच्या चित्रात मोजेही नाहीत. तिथे एकाने पुठ्ठा कुठून आणला आणि दुसऱ्याने कुठून?

प्राध्यापिका : वय, स्त्री-पुरुष भेद, झोपेच्या वेळा यांनी त्याचा थोडासा भाग समजतो, बराचसा समजत नाही. एका भ्रमाला जास्त बळी पडणारी माणसे दुसऱ्या भ्रमालाही बळी पडतात असे काही आढळत नाही, त्यामुळे अमुक प्रकारचे पाहणारे आणि तमुक प्रकारचे, अशी सरसकट विभागणीही करता येत नाही. एवढे निश्चित की तो फरक पाहण्यातच आहे, सांगण्यात नाही.

छायाचित्रकार : पाहण्यातच आहे, हे आता नाकारता येत नाही, मॅडम. पण पिवळ्या उजेडातल्या त्या स्त्रीच्या अंगावर पोशाख बसवला तेव्हा बहुतेकांचे एकमत झाले, हेही तुम्हीच सांगितले. नीट उजेडात, चेहऱ्यासकट, पुठ्ठा धरून काढलेल्या फोटोवरून लोक असे भांडले तर मेंदूला दोष देऊ. तोवर तो त्या मोबाइलवाल्याच्याच नावावर राहू द्या.